माकडं घाटात सोडून प्रश्न मिटत नाही, मंत्रीमहोदय

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझी आई परड्यातली माकडं हाकायला गेली. पिल्लू पोटाशी धरलेली मादी अंगावर धावली, आई पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वय ७४. पंचनाम्याला अजून कुणी फिरकलेलं नाही. फोन केला तर म्हणतात, आधी ऑनलाइन अर्ज करा. इथे रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं!

प्रचारसभेत आम्हाला नसबंदी केंद्राचा शब्द दिला होता. केंद्र राहू द्या, साधा पिंजरा आलेला नाही. शेजारच्या गावात माकडं पकडली आणि तशीच घाटात नेऊन सोडली. मोकळ्या झालेल्या बागांत दुसरी टोळी शिरली. मग या खर्चाचा उपयोग काय?

हिमाचल प्रदेशात माकडांच्या नसबंदीचं काम २००६-०७ पासून चालू आहे. माकडं पकडून केंद्रात आणतात, नराची नसबंदी, मादीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, आणि जिथली तिथेच परत. दीड लाखाच्या वर माकडांची नसबंदी झाली. २००४ च्या गणनेत तिथे ३ लाख १७ हजार माकडं होती, २०१५ मध्ये २ लाख ७ हजार. एका लाखाने कमी! आणि नुसते नर धरून भागत नाही. एक नर सुटला तरी टोळीतल्या माद्या गाभण राहतात, म्हणून माद्याही धरायला हव्यात.

आमचं लाल तोंडाचं माकड (बॉनेट मकाक) वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत गेलं, असं कारण आम्हाला ऐकवतात. अहो, मारायची परवानगी मागतंय कोण? हनुमान जयंतीला नारळ वाढवणारी माणसं आम्ही. त्यांची वीण आवरा एवढंच म्हणतोय. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागत असेल तर ती आणणं तुमचं काम आहे.

यंदा कोवळी शहाळी गेली, केळफुलं गेली, चिबडाचा वेल मुळापासून उपटला. कौलं दरवर्षी फुटतात, ती कुठल्याच नुकसानीत धरत नाहीत. भाऊ मुंबईहून परतणार होता, आता नाही म्हणतो. गावात राखणीला म्हातारी माणसंच उरली आहेत. रस्ते, बंदरं, रिसॉर्ट यांच्या फायली धावतात, बागायतदाराची फाईल मात्र टेबलावरून हलत नाही. हे राज्य चालवताय कुणासाठी?

तालुक्याला एक पशुवैद्यक, पिंजरे आणि शस्त्रक्रियेची खोली द्या. पावसाळ्याआधी. कधी देणार, ते लेखी कळवा.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक बागायतदार