तयार पिचरला खाली का ठेवता?

महोदय,

मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगमधील संघ होतकरू खेळाडूंना मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या स्तरावरील लीगमधून, मुख्य संघात वर आणताना खेळाइतकाच दिवसांचा हिशेब पाहतात, याचा मनापासून खेद वाटतो. मुख्य संघात १७२ दिवस भरले, की सेवेचे एक वर्ष धरले जाते आणि अशी सहा वर्षे झाली, की खेळाडूला संघ निवडण्याची मोकळीक मिळते. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव सामन्यांत ९ होम रन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारूनही त्याला एप्रिलच्या मध्यापर्यंत खाली ठेवले गेले आणि त्याचे १७१ दिवसच भरले, म्हणजे एका दिवसाने वर्ष हुकले. त्याचे क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे, हे संघाचे कारण मला तेव्हाही पटले नव्हते.

पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत हे अधिकच खटकते, कारण वेगवान चेंडू टाकणारे कोपर किती वर्षे साथ देईल, हे कोणीच सांगू शकत नाही आणि मायनर लीगमध्येही ते तेवढेच झिजते. पिट्सबर्ग पायरेट्सने पॉल स्कीन्स या पिचरला हंगाम सुरू होऊन गेल्यावर, ११ मे २०२४ रोजी उतरवले आणि त्याच हंगामात तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३ असतात. त्यातील एक जागा तयार झालेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून द्यावी आणि त्याच्या डावांवर मर्यादा घालायची असेल, तर ती हंगामापूर्वीच उघडपणे जाहीर करावी.

— एक बेसबॉलप्रेमी वाचक