बंब आणि तुझ्या बाथरूमची खिडकी

प्रिय चिमे,

काल मी फोन आपटला, चुकलंच माझं. पण तू "आई, दे ना तो बंब मोडीत, किती दिवस कवटाळून बसणार" म्हणालीस आणि माझं डोकंच फिरलं. खरं सांगू का, ते आधीच फिरलेलं होतं, तू खोलीचा व्हिडिओ पाठवलास तेव्हापासून. बाथरूममध्ये गॅस गिझर आणि थंडी येते म्हणून खिडकीच्या फटीत पेपर कोंबलेला. तो पेपर आधी काढ, बाकीचं पत्र नंतर वाच.

हां, तर बंब, आपला पाणी तापवायचा तांब्याचा. महिनाअखेर बिल्डरला जागा रिकामी करून द्यायचीय, भाड्याच्या दोन खोल्यांत हे धूड ठेवायचं कुठे असं बाबांचं म्हणणं, आणि ते काही चूक नाही. शनिवारी मोडवाला आला. काट्याला लावला तर साडेनऊ किलो भरला, वर तोटी पितळेची म्हणून ती वेगळी नि डागाची, म्हणजे सांधे जोडलेल्या धातूची, घट धरणार म्हणे. त्याने तो आडवा केला तेव्हा मठाराचे, म्हणजे तांबटाच्या हातोडीचे, ठोके दिसले, आणि आजींचं नाव. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं, त्यातलं आता नुसतं 'सौ.' आणि १९५४ एवढंच वाचता येतं. दर दिवाळीला चिंच-मिठाने घासून मीच घालवलं असणार, तीस वर्षं दुसरं कोण घासतंय!

आजोबांनी तो कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेला. १९६१ च्या जुलैत पानशेत धरण फुटलं तेव्हा वाड्यातलं सगळं गेलं, हा तेवढा जिन्याखाली चिखलाने गच्च भरलेला सापडला. खडकवासलाही फुटलेलं, नळाला पाणी नाही, मग विहिरीचं पाणी त्यात उकळून आळीभर प्यायले, असं आजी सांगायच्या. दर वेळी माणसं वाढायची त्यात, ते सोड.

आजींचे नियम दोनच. आधी पाणी, मग विस्तव, नाहीतर डाग सुटतो. आणि बंब आत पेटवायचा नाही, कितीही पाऊस असो, मागच्या पडवीतच. तुला कधी सांगितलं नाही, पण लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तो मोरीत ओढला होता. लाकडं ओली म्हणून कोळसे घातले, दार लावलं. डोकं जड झालं, मग मस्त झोप यायला लागली. आजींनी दार ढकललं म्हणून, नाहीतर तू कुठली. मला अंगणात पावसात बसवलं आणि म्हणाल्या, "विस्तवालाही हवा लागते, मिळाली नाही तर तुझ्या वाटची ओढेल." वर आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी.

लाकडाचा धूर परवडला, निदान डोळ्यांना झोंबतो तरी. तुझ्या त्या गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड आला तर ना रंग ना वास. गिझर बाथरूमच्या बाहेर लावून द्या म्हणून मालकांना सांग, तोवर बादली भर, गिझर बंद कर, दार-खिडकी उघडून हवा जाऊ दे आणि मगच आंघोळ. खरं तर तोवर वापरूच नकोस, हीटर रॉड घे. पण रॉड चालू असताना पाण्यात हात... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. प्लांटमधे शंभर माणसांना सेफ्टी शिकवतेस तू, मी सोसायटीभर सांगत फिरते आमची चिमी हेल्मेट घालून कशी ऑर्डरी सोडते ते, आणि तीच घरी पेपर कोंबते!

मोडवाल्याला चहा पाजून परत पाठवला. बंब सध्या मावशीच्या गच्चीत आहे, ती त्यात तुळस लावायचं म्हणतेय, मी लावू देणार नाहीये. तुला नको असेल तर नको, माझा हट्ट नाही. म्हणजे आहे, पण धरत नाही.

पेपर काढलास का? उघड्या खिडकीचा फोटो टाक. ग्रुपवर नको, मलाच. बाबांना अजून काही बोललेली नाही.

आई