मीटर फळ्यावर नको, मुलांच्या हातात द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी इथे इंदूरला रामबागेत घरीच पाचवी ते सातवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यातूनच हे लिहितेय. किलो-हेक्टो-डेका मुलं घडाघडा म्हणतात, दशांश चिन्ह बरोबर सरकवतात, मार्कही मिळतात, पण एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटीमीटर असं विचारलं की बहुतेक जण १०० सांगून मोकळे! उत्तर १०,००० आहे हे कितीही वेळा सांगा, डोक्यात शिरत नाही. तेच चार-चार जणांच्या गटाला अंगणात खडूने मीटरभराचा चौकोन आखायला लावा, १० सेंटीमीटरचे पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यात मांडायला द्या. एका ओळीत दहा बसतात, ओळीही दहाच होतात आणि मग कुणीतरी ओरडतंच, "मावशी, पुठ्ठे शंभर लागले, आणि एकेक पुठ्ठाच शंभरचा आहे!"

घनमीटरचंही तसंच. रद्दी पेपरच्या मीटरभर लांब घट्ट गुंडाळ्या करायच्या, बारा लागतात, त्या टेपने जोडून खोका उभा केला की मुलं आत शिरून बसतात, आणि एवढ्या जागेत १००० लिटर पाणी मावतं म्हटल्यावर गच्चीवरच्या टाकीकडे बघायला पळतात.

देशात मेट्रिक मापं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली, पण घरात अजून फूट, इंच, वार चालूच आहेत ना. २० बाय ५० चा प्लॉट म्हणजे १००० स्क्वेअर फूट हे सगळ्यांना पाठ, पण ते साधारण ९३ चौरस मीटर होतात हे किती मुलांना काढता येईल? आजीचं नऊवारी घ्या, वार ९१.४४ सेंटीमीटरचा, म्हणजे हिशोबाने सव्वाआठ मीटरच्या आसपास यायला हवं, ते टेपने मोजून बघू दे की.

माझं म्हणणं एवढंच की हे सगळं धडा संपल्यावर प्रदर्शनापुरतं नको, नियमाच्या आधी हवं. आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, मग मोजायचं, आणि गट चारचाच ठेवायचा, दहाचा केला की दोघं मोजतात आणि बाकीचे गप्पा मारतात. वेळ नाही म्हणतात, पण तोच धडा पुढच्या वर्षी परत शिकवण्यात जातो त्या वेळेचं काय? महागडं किटही नको, शाळांनी वर्गात चार-पाच मेजरिंग टेप आणि लिटरची मापं ठेवावीत, आणि पालकांनीही पुढच्या मीटिंगमध्ये मार्कांच्या आधी याबद्दल विचारावं.

आपली,
एक शिक्षिका, इंदूर