अँबॅसेडरच्या डेल्कोबद्दल मिस्त्रीकाकांना पत्र

मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण तुम्ही दाखवलेलं प्रत्येक पेट्रोल अँबॅसेडरवाल्याच्या कामाचं आहे. गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटेनासा झाला, की हल्ली पहिला सल्ला मिळतो, ‘डेल्को बदलून टाका.’ डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, सिलिंडरांच्या प्लगना पाळीपाळीने ठिणगीचा करंट वाटणारा भाग. तुम्ही नवा डेल्को खोक्यातच ठेवायला लावलात आणि आधी जुना उघडलात. पहिले आभार त्याचे.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि गार झाली की निमूट चालू होते, तेव्हा लोक ठिणगीसाठी जोरदार करंट तयार करणारी कॉइल बदलतात. तुम्ही आधी डेल्कोतला कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा छोटा डबा, बदलायला सांगता. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क, वारंवार जळत असतील तरी संशय त्याच्यावरच. दुसरी चोरटी जागा म्हणजे पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिच्यापासून डेल्कोच्या बॉडीकडे जाणारी अर्थिंगची बारीक वायर. इंजिनच्या व्हॅक्यूमच्या ओढीमुळे प्लेट सतत हलते, वायर आतून तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. अशी गाडी उभी असताना छान चालते आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की अडखळते.

रोटरची, म्हणजे डेल्कोत फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्याची, परीक्षा तर प्रत्येकाने शिकावी. डेल्कोची कॅप काढायची, पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन चालू करायचं, कॉइलची जाड वायर प्लास्टिकच्या पकडीत धरून रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिमीवर आणायची आणि पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उघडायचे. ठिणगी पट्टीवर पडली तर रोटर बाद: करंट त्याच्यातून खाली शाफ्टला पळतोय. बाजारात मिळणारे काही नवेकोरे रोटरसुद्धा यात नापास होतात, म्हणून ‘रोटर नवाच आहे’ ही सबब चालत नाही.

एवढं करून शाफ्ट बोटांनी आडवा हलत असेल, तर मात्र डेल्को बदलायचाच. शाफ्टला धरणारा बुश झिजला की एका सिलिंडरला पॉइंटमधला गॅप 14 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), दुसऱ्याला 20, मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, कितीही लावा, टिकत नाही. बदली डेल्को घेताना बॉडीवरचा नंबर जुळवायचा. बाहेरून सारखे दिसणारे दोन डेल्को ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या आतल्या वजनांत आणि स्प्रिंगांत वेगळे असतात, आणि चुकीचा बसला तर घाटात नॉकिंग, म्हणजे इंजिनची ठकठक, ऐकू येतं.

बसवायची रीत: एक नंबर सिलिंडर, म्हणजे रेडिएटरकडचा, कॉम्प्रेशनच्या टोकावर आणायचा. चार नंबरचे व्हॉल्व्ह तेव्हा उघडझाप करताना दिसतात. रोटर कुठे बघतोय त्याची खूण करायची, मग डेल्को बाहेर. खालच्या टोकाची जीभ मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बॉडी जागेपासून थोडी वर राहिली तर बोल्ट आवळून खाली ओढू नये. हलक्या हाताने दाबत रोटर फिरवायचा, खटकन बसतो. बोल्टने ओढणाऱ्यांचे टोक मोडलेले शाफ्ट तुमच्या डब्यात आहेतच!

पॉइंटचा गॅप मोजायचा तो पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्यावर, 14 ते 16 थाऊ, म्हणजे 0.35 ते 0.40 मिमी. टायमिंग त्यानंतरच, कारण गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते. पुलीची खूण मॅन्युअलमधल्या डिग्रीवर आणायची, टेस्ट लँपची एक वायर डेल्कोच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू ठेवून डेल्को हळूहळू फिरवायचा, आणि दिवा पेटतो त्याच क्षणी क्लँप आवळायचा. रोटर डावीकडे फिरतो, वायरी त्याच क्रमाने 1-3-4-2. रोटरखाली इंजिन ऑइलचे दोनच थेंब, जास्त झालं की पॉइंटवर उडून जळतं.

जुन्या डेल्कोची बॉडी धुऊन ठेवली आहे. लेथवर नवा बुश बसवून देणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर सांगा, घेऊन येतो.

आपला,
एक अँबॅसेडरवाला