विक्रम हाकेच्या अंतरावर असताना

महोदय,

अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत मारून धिप्पाड गड्यांच्या भिंतीतून वाट काढणारा. बॅरी सँडर्सची उंची जेमतेम 5 फूट 8 इंच! तरी डेट्रॉइट लायन्स या संघाकडून 1989 ते 1998 या दहा हंगामांत तो 15,269 यार्ड धावला. एकट्या 1997 मध्ये 2,053. टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन गुण मिळवल्यावर नाच नाही, आरडाओरडा नाही. चेंडू निमूटपणे पंचाच्या हातात द्यायचा आणि स्वारी परत.

जुलै 1999 मध्ये वॉल्टर पेटन या रनिंग बॅकचा कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम अवघा 1,457 यार्ड दूर होता, म्हणजे सँडर्सच्या हिशेबाने एका हंगामाचं काम. वय 31, पाय शाबूत. आणि पठ्ठ्यानं निवृत्ती कळवली ती विचिटा या आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स धाडून! (पत्रकार परिषदा रंगवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) दहा वर्षांत संघानं बाद फेरीचा एकच सामना जिंकला होता, वीट येणार नाही तर काय? करारापोटी मिळालेल्या बोनसचा काही भाग मात्र त्याला लायन्सना परत करावा लागला.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे