तुक्के मारायचेच, पण कुठून सुरुवात करायची

मित्रा,

काल फोनवर तू वैतागून म्हणालास ना, की लेकीला केमिस्ट्रीतली इक्वेशन बॅलन्स करायला, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू जुळवायला, शिकवतोय पण हे सगळं तुक्केबाजीच आहे, तेव्हा मी घाईत होतो म्हणून हसून सोडून दिलं, आता नीट लिहितो. तुक्केच आहेत, मान्य. पण पहिला तुक्का कुठे मारायचा हे कळलं की दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

आधी एक बघ, तिने सूत्रातल्या खालच्या आकड्याला हात लावला तर तिथेच थांबव. पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एकाचे दोन केले की ते पाणी राहतच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं! बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधी लिहिलेला, किती रेणू ते सांगणारा आकडा.

आता इथेन जळतो ते घे. कार्बन २, हायड्रोजन ६, म्हणजे कार्बन डायऑक्साइड २ आणि पाणी ३. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले ७, आणि डावीकडे तो येतो जोडीने, म्हणून साडेतीन रेणू. इथे मुलं घाबरतात आणि सगळं खोडून टाकतात. खोडू नको म्हणावं, साडेतीन लिही बिनधास्त, मग सगळं दुप्पट कर: इथेन २, ऑक्सिजन ७, कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ६. झालं.

आपल्याला 'ऑक्सिजन शेवटी' असं पढवलं होतं, आठवतं? मी ते इतकं घोकलं होतं की पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या इक्वेशनला क्लोरीनपासून सुरुवात करायचो, आणि क्लोरीन तर उजवीकडे तीन ठिकाणी पसरलेला, वहीचं पान खोडून खोडून फाटलं पण जमेना. फार उशिरा ट्यूब पेटली की ऑक्सिजनचं त्यात विशेष काही नाही रे, इथेन जळतो त्या इक्वेशनमध्ये डावीकडे तो एकटा, दुसऱ्या कुणाशी न जोडलेला उभा असतो, त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कुणाला धक्का लागत नाही, म्हणून तो शेवटी. परमँगनेटच्या इक्वेशनमध्ये तसा एकटा आहे उजवीकडचा मोकळा क्लोरीन, म्हणून इथे शेवटी तो. मग परमँगनेटचे ऑक्सिजन ४, म्हणून पाणी ४, म्हणून ॲसिड ८. आठ क्लोरीनपैकी १ पोटॅशियमकडे, २ मँगनीजकडे, उरले ५, म्हणजे क्लोरीनचे अडीच रेणू. दुप्पट केलं की परमँगनेट २, ॲसिड १६, आणि पलीकडे पोटॅशियम क्लोराइड २, मँगनीज क्लोराइड २, क्लोरीन ५, पाणी ८. पानभर खाडाखोड आणि हे चार ओळींत!

एक गंमत मात्र फक्त तुझ्यासाठी, तिला एवढ्यात दाखवू नकोस. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये २ परमँगनेटबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड १ घेतलं तरी अणू जुळतात आणि ५ घेतलं तरी जुळतात, करून बघ. बरोबर मात्र ५ च, कारण दोन मँगनीज मिळून १० इलेक्ट्रॉन घेतात आणि पेरॉक्साइडचा एक रेणू देतो २. तिथे नुसते अणू मोजून भागत नाही.

रविवारी फोन करतो, तिलाच दे. साडेतीनवर आली की काय करते ते ऐकायचंय मला.

तुझाच