रेवाला या कामात यायचंय म्हणून

ती. दादा-वहिनी यांस,
सा. न.

दादा, तू फोनवर म्हणालास, "साथीच्या कामात गेलीस म्हणजे नर्सिंग सोडलंसच की." वहिनींना वाटतं, मी रोज नखशिखांत सूट घालून मृत्यूच्या दाढेत शिरते. दोन्ही खरं नाही. रेवा मागे लागलीय, तर सविस्तरच लिहिते.

माझा निम्मा दिवस फोनवर जातो. परवा गोवराचा एक पेशंट दवाखान्यात बसून गेला. त्याच्या शेजारी कोण होतं, एवढं शोधून भागत नाही. तो उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो, म्हणजे नंतर आलेलेही यादीत. शिवाय पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो आजार पसरवत असतो. संपर्कानंतर ७२ तासांत लस टोचली तर गोवर टळू शकतो. गरोदर बाईला ती देता येत नाही. जिला पूर्वी ना लस ना गोवर, तिला सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध.

"बरोबर कोण होतं?" विचारलं की लोक म्हणतात, "कोणी नाही." मग मी विचारते, "तुम्ही आत गेलात तेव्हा बाळ कोणाकडे होतं?" तेव्हा कुठे आजी निघते! हे विचारणं मी वॉर्डातच शिकले. "दुखत नाही" म्हणणारा पेशंट कूस बदलताना दात आवळतो, ते बघून बघून.

सूट लागतो तो इबोलासारख्या आजारात, आणि खरा धोका तो उतरवताना. म्हणून सरावात हातमोज्यांना चमकणारं द्रव्य लावतात. सूट काढल्यावर अतिनील दिव्याखाली मनगटावर ठिपके दिसले, की पुन्हा पहिल्यापासून.

मला जड जातो तो मोठ्या अपघाताचा सराव. कोणावर आधी उपचार करायचे ते कळावं म्हणून जखमींना लाल, पिवळा, हिरवा, काळा असे टॅग लावत जायचं. श्वासमार्ग मोकळा करूनही मोठा माणूस श्वास घेत नसेल तर काळा टॅग, आणि पुढच्याकडे. वॉर्डात अशा वेळी आपण छाती दाबायला घेतो. इथे हात आवरायचा. खोटा पेशंट असूनही पाय निघत नाही.

साथ ओसरली की पहिली कात्री या सरावांच्या पैशांवरच लागते. पण ते असो.

रेवाने पास झाल्या झाल्या इकडे धावू नये. आधी कॅज्युअल्टी किंवा आयसीयूत दोन-चार वर्षं घासावीत, मग इन्फेक्शन कंट्रोल, त्याबरोबर साथरोगशास्त्राचा एखादा कोर्स. नाइट ड्यूटीला कंटाळून येणार असेल तर तिला आत्ताच सांगा: साथीचा फोन रात्रीसुद्धा येतो.

तुमची,
सुमा